शेवया आणि रक्तशर्करा

शेवया हा गहू, तांदूळ, नाचणी इत्यादी धान्यांच्या पिठापासून किंवा रव्यापासून केला जाणारा पिष्टमय खाद्यपदार्थ आहे. पिष्टाचे पचनात ग्लुकोजमध्ये रूपांतर होत असल्याने मधुमेही व्यक्तीच्या आहारात शेवयांचा प्रकार, प्रमाण आणि शिजवण्याची पद्धत यांना महत्त्व असते.

प्रादेशिक प्रकार
रायगड जिल्ह्यातील पनवेल येथे कोकणाकडे जाणारा आणि घाटावर जाणारा असे दोन्ही मार्ग मिळतात. दक्षिण कोकणात तांदळाच्या उकडीचे गोळे शिजवून साच्यातून शिरवाळे पाडतात व ते गूळ घातलेल्या नारळाच्या रसाबरोबर खातात. घाटावर गव्हाच्या शेवया वाळवून ठेवतात. त्यांची खीर किंवा उपमा करतात.

पचनाचा वेग
बन्सी गव्हाच्या रव्यातील ग्लुटेनचे जाळे पिष्टकणांना वेढून ठेवते, त्यामुळे त्यांचे पचन सावकाश होते. तांदळात ग्लुटेन नसते. तेथे अमायलोजचे प्रमाण निर्णायक ठरते. अमायलोज अधिक असलेला तांदूळ तुलनेने हळू पचतो. शेवया फार मऊ शिजवल्यास पचनाचा वेग वाढतो. शिजवून थंड केल्यास काही पिष्ट पचनास प्रतिरोधक बनते. मात्र हा परिणाम मर्यादित असतो. नाचणीत तंतुमय पदार्थ असले, तरी तिचाही मोठा भाग पिष्टच असतो. त्यामुळे नाचणीच्या शेवया प्रमाणाबाहेर खाल्ल्यास साखर वाढतेच.

ग्लायसेमिक निर्देशांक व भार
ग्लायसेमिक निर्देशांकाची संकल्पना डेव्हिड जेन्किन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी टोरांटो विद्यापीठात १९८१ मध्ये मांडली. ५५ पर्यंतचा निर्देशांक कमी, तर ७० व त्याहून अधिक निर्देशांक जास्त मानतात. निर्देशांकाला पदार्थातील कर्बोदकांच्या ग्रॅमने गुणून १०० ने भागल्यास ग्लायसेमिक भार मिळतो. निर्देशांक ५० असलेल्या पदार्थातून २० ग्रॅम कर्बोदके घेतल्यास भार १०, म्हणजे कमी असतो. ४० ग्रॅम घेतल्यास तो २०, म्हणजे जास्त होतो. पदार्थ तोच असला तरी वाटी दुप्पट झाल्याने परिणाम बदलतो.

आहारातील योजना
गूळ किंवा साखर घातलेल्या खिरीपेक्षा भाज्या, मोड आलेली मटकी, शेंगदाणे किंवा अंडे घातलेला उपमा अधिक उपयुक्त ठरतो. प्रथिने, स्निग्धांश व तंतू जठर रिकामे होण्याचा वेग कमी करतात. भाजी व प्रथिने आधी आणि शेवया शेवटी खाल्ल्यास जेवणानंतरची वाढ कमी होते. रक्तशर्करा साखरेप्रमाणेच गुळानेही वाढते.

खबरदारी
एकाच पदार्थाला व्यक्तिपरत्वे मिळणारा प्रतिसाद भिन्न असतो; जेवणानंतर दोन तासांनी ग्लुकोमीटरने केलेल्या तपासणीतून तो समजतो. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील औषधे घेणाऱ्यांनी कर्बोदके अचानक कमी केल्यास रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. त्यामुळे असा बदल वैद्यकीय सल्ल्यानेच करणे आवश्यक असते.