पडद्यावर न दिसलेला रियाज

‘चॅरिअट्स ऑफ फायर’ (१९८१) या चित्रपटात धर्मनिष्ठ धावपटू एरिक लिडेल १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकसाठी बोटीवर चढत असताना त्याला कळते की, १०० मीटरची प्राथमिक फेरी रविवारी आहे. प्रसंग रंगतो खरा. परंतु ही गोष्ट लिडेलला कित्येक महिने आधीच ठाऊक होती. तेवढ्या काळात त्याने ४०० मीटरची तयारी केली आणि ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक मिळविले.

हे पाहताना मला वडील आठवले. ते दरबारी गवई. त्यांना अमुक राग एका रात्रीत साधला, असे लोक कौतुकाने सांगत. वडील चिडून म्हणत, “मग माझी बारा वर्षे कुठे गेली?”

चित्रपटाने पात्रे कल्पावीत, संवाद रचावेत. कलावंताचा रियाज मात्र गाळू नये. शिष्यांना तेच तर शिकवायचे असते.