भेट चाकूची, पण चाकू कोणता?

गावात सत्कार ठरला की आपली खरेदीची यादी ठरलेली असते. शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ. ग्रामसेवक भाऊसाहेबांच्या घरी अशी घड्याळं किती झाली असतील हे त्यांनाच ठाऊक! म्हणून हल्ली कोणी मला विचारलं की "साहेब, बागेत काम करणाऱ्या पोराला काय द्यावं?" तर मी सांगतो, चांगला घडीचा चाकू द्या. रोज खिशात राहतो, रोज उपयोगी पडतो. मात्र तो निवडताना मी जी चूक केली ती तुम्ही करू नका.

काही वर्षांपूर्वी माझा भाचा कृषी पदविका पास झाला आणि एका रोपवाटिकेत लागला. मामा म्हणून काहीतरी द्यायला हवं. पुण्यात मीटिंगला गेलो होतो, येताना दुकानात चकचकीत मुठीचा चाकू दिसला, घेतला. मूठ झकास, डबी त्याहून झकास. पाते उघडून हलवून बघायचं काही सुचलं नाही. सप्टेंबरात डॉगरिजच्या खुंटावर द्राक्षाची पाचर कलमं भरायचं काम सुरू झालं. पोराने खुंट चिरायला टोक दाबलं, पाते अडकलं, त्याने ते हिसकलं आणि चाकू उलटा मिटला तो थेट बोटावर. तीन टाके, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि पंधरा दिवस उजवा हात बंद. कलमं भरणाऱ्याची मजुरी कलमांच्या संख्येवर असते, तेव्हा ऐन हंगामातले पंधरा दिवस म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. बहीण मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तर पहिली गोष्ट, पाते उघडल्यावर पक्कं बसतं का ते पाहा. घडीच्या चाकूत दोन प्रकार येतात. एकात नुसती कमान पाते धरून ठेवते, दुसऱ्यात लॉक असतं. कमानीचा चाकू ओढून कापायला ठीक आहे, पण टोक खुपसलं किंवा पात्याच्या पाठीवर दाब आला की तो मिटणारच. नवशिक्याला द्यायचा असेल तर लॉकचाच द्या. दुकानातच पाते उघडा, चिमटीत धरून डावीकडे-उजवीकडे हलवा. खिळीपाशी खुळखुळ जाणवली तर खाली ठेवा, पुढचा मागा. दुकानदार कुरकुरला तरी चालेल.

दुसरी गोष्ट धारेची. कलमाच्या चाकूला बहुधा एकाच बाजूने धार असते, दुसरी बाजू सपाट. त्यामुळे काप सरळ येतो, खुंट आणि काडी एकमेकांना चिकटून बसतात. दोन्ही बाजूंनी धार असलेला साधा चाकू किंचित वळतो, मध्ये फट राहते, काडी सुकते आणि आपण दोष देतो हवेला! एका बाजूच्या धारेत आणखी एक मेख आहे. ती उजव्या हाताच्या माणसासाठी केलेली असते. ज्याला द्यायचा तो डावखुरा असेल तर दुकानदाराला आधी सांगा. गुलाबाचे डोळे भरणाऱ्याला द्यायचा असेल तर साल उचलायची बोथट पट्टी असलेला घ्या.

पोलाद साधं घ्यावं की स्टेनलेस? साध्या पोलादाला धार चटकन लागते, पण चीक आणि ओल लागली की ते गंजतं. रोज पुसून तेलाचं बोट फिरवणाऱ्या माणसाला साधं द्या, आळशाला स्टेनलेस. डाळिंबवाल्यांनी तर स्टेनलेसच घ्यावं. तेल्या असलेल्या बागेत एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना हत्यार सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवावं लागतं आणि ते द्रावण साधं पोलाद खाऊन टाकतं.

फ्रान्सच्या सव्हॉय भागातल्या डोंगरी शेतकऱ्यांचा ओपिनेल नावाचा लाकडी मुठीचा चाकू १८९० पासून बनतो. १९५५ साली त्याला फिरती कडी बसवली. कडी फिरवली की पाते जाम. साधी युक्ती, पण बोटं वाचतात. त्याची लाकडी मूठ पाण्याने फुगते आणि पाते निघायला त्रास देते, म्हणजे आपल्या पावसाळ्यात जपावं लागतं.

आपल्याकडे चंचीतला अडकित्ता हेच खरं खिशातलं हत्यार. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात जुने अडकित्ते मांडलेत, पोराबाळांना घेऊन जरूर बघून या. शेतीच्या हत्यारांसाठी मात्र रविवार पेठेतली बोहरी आळी. स्वारगेटला उतरलात तर फार लांब नाही. दोन-चार दुकानं फिरा, पहिल्याच दुकानात पैसे काढू नका आणि पक्की पावती घ्या.

पावतीचं मुद्दाम सांगतो. शस्त्र कायदा १९५९ चा आहे. त्याच्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं येतात. घरगुती आणि शेतीकामासाठी बनवलेली त्यातून वगळली आहेत. आपला चाकू तीन-चार इंचांचा, त्यामुळे त्यात बसत नाही. पण सणासुदीला, निवडणुकीला महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात. तेव्हा शहरात खिशात चाकू घेऊन मिरवू नका, पिशवीत तळाशी गुंडाळून आणा. बटण दाबताच फटकन उघडणारा रामपुरी वळणाचा चाकू तर भेट म्हणून देऊच नका. शेतात त्याचा काडीचा उपयोग नाही आणि नाक्यावर अडवलं तर समजावून सांगता नाकी नऊ येतील.

आणखी एक. रोपवाटिकांत कलमं बांधणाऱ्या निम्म्याहून जास्त बायाच दिसतात. पण सत्काराला त्यांच्या वाट्याला साडी-चोळी आणि चाकू मात्र मुकादमाला! बचत गटाच्या ताईला एकदा चाकू देऊन तर बघा. फक्त मूठ जरा बारीक घ्या, आणि लाल किंवा पिवळी, म्हणजे गवतात पडली तरी सापडते.

चाकू भेट दिला की नातं तुटतं असं जुनी माणसं म्हणतात. यावर तोडगाही जुनाच आहे, आणि तो युरोपातही चालतो: घेणाऱ्याने एक नाणं द्यायचं, म्हणजे ती भेट न राहता खरेदी होते. मागच्या पाडव्याला मी भाच्याला दुसरा चाकू नेऊन दिला. त्याने आधी बोटावरचा व्रण माझ्यापुढे धरला, मग पाते उघडून लॉक दोनदा लावून पाहिलं आणि खिशातून एक रुपया काढून माझ्या हातावर ठेवला.