पहिलं पिनबॉल मशीन : बोली लावण्याआधी काय बघायचं?

लिलावात पहिलंच जुनं पिनबॉल मशीन घ्यायचं असेल तर काय बघावं, यावर आज बोलायचं आहे. आपण शिकागोच्या परिसरात राहतो, म्हणजे या यंत्राच्या माहेरीच राहतो. गॉटलिब, बॅली, विल्यम्स या सगळ्या कंपन्या इथल्याच. त्यामुळे जुनी मशीनं या भागात अजून तळघरांतून, गॅरेजमधून निघत असतात आणि लिलावात येतात.

थोडी पार्श्वभूमी बघू. तुमच्यापैकी काहींनी लहानपणी खिळे ठोकलेल्या फळीवरचं बॅगाटेल खेळलं असेल. पिनबॉल त्याच घराण्यातलं. 1871 मध्ये माँटेग्यू रेडग्रेव्हनं बॅगाटेलमधल्या सुधारणांचं अमेरिकेत पेटंट घेतलं, त्यात गोळी उडवायला स्प्रिंगचा दट्ट्या होता. तो दट्ट्या पुढे पिनबॉलमध्येही आला. फ्लिपर, म्हणजे बटण दाबलं की बॉल परत वर मारणारे ते छोटे दांडे, 1947 मध्ये गॉटलिबच्या ‘हम्प्टी डम्प्टी’त आले. म्हणून लिलावाच्या यादीत 1930 च्या दशकातलं मशीन दिसलं तर आधी लक्षात घ्या, त्यात फ्लिपर नसतात. ते सुंदर दिसतं, पण तुमच्या मनातला पिनबॉल तो नाही.

आता मुख्य मुद्दा. नवखा माणूस लिलावात गेला की पहिला प्रश्न विचारतो, ‘चालू आहे का?’ प्रश्न स्वाभाविक आहे, पण तो दुसरा असायला हवा. पहिला प्रश्न असा, की यात बिघडलेलं जे आहे, ते दुरुस्त होण्यासारखं आहे का? बंद मशीनला लोक घाबरतात, आणि दिवे लागलेलं मशीन बघून भुलतात. दोन्हीत पैसे जातात.

दुरुस्त व्हायला सगळ्यात अवघड काय, तर चित्र. मशीनच्या मागच्या उभ्या पेटीवर जी रंगीत काच असते, तिला बॅकग्लास म्हणतात. तिचा रंग काचेच्या आतल्या बाजूला असतो. मागे बल्ब पेटतात, काच तापते, निवते, आणि वर्षानुवर्षांनी रंगाचे पोपडे सुटतात. एकदा सुटले की गेले. गाजलेल्या काही मशीनांच्या नव्या काचा छापून मिळतात, सगळ्यांच्या नाही. बघताना काचेला आतून बोट लावू नका आणि ओल्या फडक्यानं पुसू तर मुळीच नका. टॉर्च मारून बघा, रंग कुठे उचलला गेलाय ते दिसतं.

तसंच प्लेफील्डचं, म्हणजे ज्यावर बॉल धावतो त्या लाकडी फळ्याचं. बॉलच्या नेहमीच्या वाटेवर रंग झिजून लाकूड उघडं पडलंय का? नुसती काळी धूळ असेल तर काळजी नको, ती निघते.

यानंतर आत बघायचं. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंतची मशीनं इलेक्ट्रोमेकॅनिकल. गुण फिरत्या चाकांवर दिसतात, आत रिले, कॉइल, मोटर आणि ढीगभर स्विच. असं मशीन बंद पडलं असेल तर बऱ्याचदा कारण म्हणजे काजळी धरलेले काँटॅक्ट किंवा घट्ट झालेलं जुनं ग्रीस. सर्किटचा नकाशा हाताशी असला आणि चिकाटी असली तर घरी दुरुस्त होतं.

त्यानंतरची मशीनं सॉलिड स्टेट. आकडे डिजिटल, आत सर्किट बोर्ड. इथे एकच गोष्ट आधी शोधा, बॅटरी. बोर्डावरची जुनी बॅटरी गळते आणि तांब्याच्या रेघा खाऊन टाकते. बोर्डावर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड दिसली तर नव्या बोर्डाचा खर्च धरूनच बोली लावा.

दोन्ही प्रकारांत फ्यूज बघा. फ्यूजच्या जागी चांदी गुंडाळलेली किंवा जास्त अँपिअरचा फ्यूज घातलेला दिसला, की समजायचं, कुणीतरी बिघाड शोधायचं सोडून तो दाबलाय. करपलेल्या वायरचा वास येतोय का, तेही बघा. आणि एक सांगून ठेवतो : लिलाववाल्यांना विचारल्याशिवाय काही उघडू नका, आणि प्लग काढल्याशिवाय आत हात घालू नका.

आता पैशांचं. लिलावातला माल ‘आहे त्या स्थितीत’ विकला जातो, परत घेत नाहीत. हातोडा पडतो त्या किमतीवर खरेदीदाराचं कमिशन लागतं, बहुतेक ठिकाणी विक्रीकरही. म्हणून हिशोब उलटा करायचा. उदाहरणापुरते आकडे घेऊ. तेच मशीन चांगल्या चालू स्थितीत 2000 डॉलरला मिळतं. दुरुस्तीला 500 धरले, ट्रक आणि मदतनीस 150. उरले 1350. कमिशन 15 टक्के असेल तर 1350 ला 1.15 नं भागा, साधारण 1170 आले. कर वेगळा, म्हणजे बोली त्याहूनही खालीच थांबली पाहिजे. हा आकडा घरी कागदावर लिहून न्या. समोरचा माणूस हट्टाला पेटला की आपलंही डोकं तापतं, तेव्हा तो कागद कामाला येतो.

शेवटचं, मशीन घरी नेणं. वजन 100 किलोच्या आसपास किंवा जास्तच. दोन माणसं हवीतच. आधी बॉल काढून घ्या, नाहीतर तो आत उड्या मारून नुकसान करतो. मागची पेटी दुमडते की सोडवून काढावी लागते ते बघा, मग पाय काढा. जिन्याची रुंदी बोलीच्या आधी मोजलेली बरी. किल्ली मिळाली का, तेही विचारा. नसेल तर कुलूप तोडून नवं बसवावं लागतं.

कुणी हे मशीन पुढे भारतात नेणार असेल तर लक्षात ठेवा, अमेरिकेतलं मशीन साधारण 120 व्होल्टवर चालतं, आपल्याकडे 230. योग्य क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर लावल्याशिवाय प्लग घालू नका.

एवढं बघूनही मशीन पटलं, तर मग खुशाल हात वर करा. आता तुमचे प्रश्न घेऊ या.