पुण्यातील कॉफीगृहे व सार्वजनिक बैठकीचा प्रश्न

व्हिएन्नासारख्या युरोपीय नगरीत जाणारा प्रवासी तेथील जुनी कॉफीगृहे आवर्जून पाहतो. एक पेला कॉफी मागवावी, वृत्तपत्रे चाळावीत आणि कोणी उठविल्यावाचून तासन्‌तास बसावे, अशी तेथील रीत आहे. ऑस्ट्रियाने २०११ साली या परंपरेचा आपल्या अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय सूचीत समावेश केला. लंडनच्या कॉफीगृहांतून राज्यकारभाराची चर्चा होऊ लागली, तेव्हा दुसऱ्या चार्ल्स राजाने १६७५ च्या अखेरीस ती बंद करण्याचे फर्मान काढले. विरोधामुळे ते थोड्याच दिवसांत मागे घ्यावे लागले. युर्गेन हाबरमास या जर्मन तत्त्वचिंतकाने १९६२ च्या आपल्या ग्रंथात अशा स्थळांचा संबंध लोकमताच्या उदयाशी जोडला. हे विवेचन पुण्यास कितपत लागू पडते, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

पुण्यात मुक्त चर्चेच्याही आधीचा प्रश्न होता, तो कोणाबरोबर बसून काय प्यावे हा. १८९० साली पंचहौद मिशनमधील एका सभेनंतर उपस्थितांपुढे चहा व बिस्किटे ठेवण्यात आली. न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक हे त्या सभेस हजर होते. उपस्थितांची नावे वृत्तपत्रात प्रसिद्ध होताच ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि १८९२ मध्ये रानडे यांनी प्रायश्चित्त घेतले. उच्चवर्णीयांची ही स्थिती, तर अस्पृश्य मानलेल्यांस दुकानाची पायरी चढणेही दुरापास्त होते. म्हणूनच कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचे दुकान काढले, तेव्हा शाहू छत्रपतींनी तेथे उघडपणे चहा घेणे, हे सामाजिक सुधारणेचे कृत्य ठरले.

या पार्श्वभूमीवर इराणी हॉटेलांचे महत्त्व ध्यानात येते. पुण्यात डेक्कन जिमखान्यावरील ‘गुडलक’ १९३५ पासूनचे आहे. येथील मुख्य पेय चहा असले, तरी व्हिएन्नाच्या कॉफीगृहाशी त्याचे नाते जवळचे आहे. मिखाएल थोनेट याने १८५९ साली प्रचारात आणलेली वाकविलेल्या लाकडाची खुर्ची व्हिएन्नाच्या कॉफीगृहांत रुळली. त्याच घाटाच्या खुर्च्या इराणी हॉटेलांतूनही दिसतात. मालक हिंदू जातिव्यवस्थेबाहेरचा असल्यामुळे सोवळ्याओवळ्याचे बंधन तेथे सैल पडले. तथापि ही मोकळीक मुख्यतः पुरुषांपुरती होती. स्त्रियांची सोय पुष्कळदा ‘फॅमिली रूम’च्या आडोशाला असे. हाबरमास यांच्या विवेचनावर घेतला गेलेला प्रमुख आक्षेपही हाच, की लंडनच्या कॉफीगृहांतील सार्वजनिकतेतून स्त्रिया व श्रमिक बहुतांशी वगळले गेले होते.

२६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ (२) ने उपाहारगृहांतील प्रवेशास धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून प्रतिबंध करण्यास मनाई केली. त्याच सुमारास फर्ग्युसन महाविद्यालय रस्त्यावर जगन्नाथ शेट्टी यांनी ‘कॅफे मद्रास’ व ‘मद्रास हेल्थ होम’ ही उपाहारगृहे चालविली. तीच पुढे ‘रूपाली’ व ‘वैशाली’ या नावांनी प्रसिद्ध झाली. दाक्षिणात्य फिल्टर कॉफी विद्यार्थ्यांच्या नित्य परिचयाची झाली ती अशा ठिकाणांमुळे.

साखळी पद्धतीची कॉफीगृहे हा यापुढील टप्पा होय. ‘कॅफे कॉफी डे’चे पहिले दालन १९९६ साली बंगळूरमध्ये निघाले, ‘स्टारबक्स’ २०१२ साली मुंबईत आले आणि नंतर पुण्यातही पोहोचले. येथे एकटी विद्यार्थिनी निःसंकोचपणे पुस्तक अथवा संगणक घेऊन बसू शकते. जुन्या हॉटेलांना हे सहजी साधले नव्हते. परंतु या बैठकीचे अर्थकारण निराळे आहे. उडुपी उपाहारगृह दर कमी ठेवते आणि टेबल लवकर रिकामे होण्यावर चालते. साखळीतील कॉफीगृह ग्राहकास घाई करीत नाही, कारण त्याच्या बसण्याचे भाडे पेल्याच्या किमतीतच धरलेले असते. त्या एका पेल्याच्या दामात इराणी हॉटेलात अनेकांचा चहा होतो.

सारांश, जुने व नवे हा भेद केवळ सजावटीचा अथवा चवीचा नव्हे. जो दरवाजा पूर्वी जातीने अडविला होता, तो आज किमतीने अरुंद केला आहे. घटनेने पहिल्या अडसरावर उपाय योजला. दुसऱ्याचा विचार तिच्या त्या तरतुदीत नाही. म्हणून कोणत्याही कॉफीगृहाचे सार्वजनिकत्व ठरविताना तेथे काय मिळते याहून तेथे कोणास, किती वेळ व किती मोलाने बसता येते, हाच प्रश्न अभ्यासकाने प्रथम विचारला पाहिजे.