मतपेटीमागचा हिशेब (भाग ६) : पाडण्यासाठी लावलेला पैसा

गेल्या आठवड्यात आपण पक्षांच्या खात्यांत येणारा पैसा पाहिला. निवडणूक रोखे आणि १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवणं, हा सगळा भाग झाला. आज जो पैसा कुणाच्याच वहीत लिहिला जात नाही त्याविषयी.

कोल्हापूरच्या पेठांत राहणाऱ्याला त्याची वेगळी ओळख करून द्यायला नको. मतदान दोन दिवसांवर आलं की पहाटे दारात पत्रक पडलेलं असतं. कुणाला मत द्या, असं त्यात कुठेच नसतं. कुणाला देऊ नका, एवढंच असतं. जमीन, कारखाना, दूध संघ, भावकीतली भांडणं, सगळं त्यात निघतं. खाली ‘एक त्रस्त सभासद’ किंवा ‘समस्त जागरूक नागरिक’. ज्याचा फायदा होणार तो उमेदवार म्हणतो, आमचा काही संबंध नाही. खर्चाचा कायदा नेमका या वाक्यापाशी येऊन थांबतो.

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधलं कलम ७७ उमेदवाराकडे हिशेब मागतं तो त्याने किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीने केलेल्या, अथवा त्यांनी अधिकार देऊन करवलेल्या खर्चाचा. महाराष्ट्रात विधानसभेला ४० लाख आणि लोकसभेला ९५ लाख ही मर्यादा त्याच खर्चाला लागू आहे. पक्षाने सर्वसाधारण प्रचारावर किती उधळावेत, याला मर्यादा नाही.

हे असंच चालायला हवं होतं असं नाही. दिल्लीतल्या १९७१ च्या लोकसभा निवडणुकीवरून कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. ३ ऑक्टोबर १९७४ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की उमेदवाराच्या डोळ्यांदेखत पक्ष त्याच्यासाठी खर्च करत असेल, तो फायदा घेत असेल आणि हात झटकत नसेल, तर त्याने मूक अधिकार दिला असंच धरलं पाहिजे. तसं नसेल तर मर्यादेला अर्थ काय उरतो? मला हा आपल्या निवडणूक कायद्यातला सर्वांत सरळ विचार वाटतो. तो काही आठवडेच टिकला. सरकारने लगेच वटहुकूम काढला आणि डिसेंबरात संसदेने दुरुस्ती केली: पक्षाने, संघटनेने किंवा अन्य कुणीही केलेला खर्च उमेदवाराच्या हिशेबात धरला जाणार नाही. हे कवच पुढे जवळजवळ २९ वर्षं राहिलं. २००३ मध्ये ते काढलं आणि पक्षाच्या प्रमुख नेत्यांच्या प्रवासखर्चापुरती सूट ठेवली. पण अधिकार दिला होता हे सिद्ध करायचं कसं, हा प्रश्न जागच्या जागी आहे.

तो किती अवघड आहे हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांचं गुणगान करणारी ‘अशोक पर्व’ ही पानंच्या पानं वृत्तपत्रांत आली. त्यांच्या हिशेबात वृत्तपत्र जाहिरातींचा खर्च होता ५,३७९ रुपये. निवडणूक आयोगाला हिशेब तपासण्याचा अधिकार आहे, एवढं ठरायलाच मे २०१४ उजाडला. जुलैत आयोगाने आदेश काढून त्यांना नोटीस दिली. सप्टेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा आदेश रद्द केला.

आता कोल्हापूरकडे या. २०१९ च्या लोकसभेला शिवसेनेचे संजय मंडलिक आणि राष्ट्रवादीचे धनंजय महाडिक समोरासमोर होते. काँग्रेसची राष्ट्रवादीशी आघाडी असताना काँग्रेसच्या सतेज पाटील यांनी महाडिकांच्या विरोधात ‘आमचं ठरलंय’ म्हटलं, आणि पुढे सुमारे २ लाख ७० हजारांच्या फरकाने मंडलिक निवडून आले. त्या दोन शब्दांत पक्ष नाही, चिन्ह नाही, उमेदवाराचं नाव नाही. तरी गगनबावड्यापासून कागलपर्यंत सगळ्यांना सगळं कळलं. अशी घोषणा देण्यात बेकायदा काहीच नाही. पण जिल्ह्याचं राजकारण कसं बोलतं ते यातून दिसतं. इथे निवडून आणण्याइतकाच जोर ‘जिरवण्या’वर असतो. उद्या एखाद्या मंडळाने किंवा तालमीने अशाच आडवळणी शब्दांचे डिजिटल फलक शहरभर लावले, तर ते कुणाच्या खात्यात घालणार?

परस्पर खर्च करणाऱ्यासाठी स्वतंत्र कलम आहे, नाही असं नाही. जुन्या दंड संहितेत ते १७१-एच होतं आणि दंड होता ५०० रुपयांपर्यंत. आता भारतीय न्याय संहितेत ते १७६ आहे आणि दंड १०,००० पर्यंत. एका चौकातल्या फलकांचाही खर्च याहून जास्त होतो. त्यातही कलमाची भाषा उमेदवाराला ‘निवडून आणण्यासाठी’ केलेल्या खर्चाची आहे. मी तर कुणाचाच प्रचार केला नाही, फक्त एकाची पापं सांगितली, असं म्हणणाऱ्याच्या वकिलाला इथे बोलायला जागा मिळते. लोकप्रतिनिधित्व कायद्यातलं खोट्या वैयक्तिक आरोपांचं कलम १२३(४) घ्या: तिऱ्हाइताने आरोप छापले तर उमेदवाराची संमती दाखवावी लागते. पुन्हा संमतीच.

गंमत नव्हे, खेद वाटावा अशी गोष्ट म्हणजे याच कायद्यातल्या १२७-ए कलमाला ‘विरोधात’ हा शब्द कळतो. उमेदवाराच्या बाजूचं किंवा त्याला बाधक, कुठलंही पत्रक असो. त्यावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवा. प्रकाशकाने ओळखीच्या दोन साक्षीदारांच्या सह्यांसह घोषणापत्र द्यायचं, मुद्रकाने ते पत्रकाच्या प्रतीसह जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायचं. चुकलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जे छपाईला कळतं ते खर्चाच्या कलमांत का लिहू नये?

मोबाइलवर तर छापखानाही उरला नाही. समाजमाध्यमांवरच्या प्रचाराचे नियम आयोगाने ऑक्टोबर २०१३ मध्ये काढले. उमेदवार आणि पक्ष त्यात आले, पण बाहेरच्यांनी टाकलेल्या मजकुराचं काय करायचं हे केंद्राच्या संबंधित मंत्रालयाशी विचारविनिमय करून ठरवू, असं म्हणून ठेवलं. फेसबुकवर २०१९ पासून राजकीय जाहिरातीखाली पैसे देणाऱ्याचं नाव येतं. मात्र ते एखाद्या पानाचंच नाव असेल तर वाचणाऱ्याला काय कळणार?

अमेरिकेत २०१० च्या ‘सिटिझन्स युनायटेड’ निकालानंतर बाहेरच्या गटांना अमर्याद खर्चाची वाट मोकळी झाली. तो रस्ता आपला नव्हे. ब्रिटनमध्ये पक्षाबाहेरच्या प्रचारकाचा खर्च १०,००० पौंडांवर जाणार असेल तर त्याला निवडणूक आयोगाकडे नोंद करावी लागते. बोलायला बंदी नाही, फक्त नाव सांगून बोला. आपल्याकडे हीच दुरुस्ती व्हायला हवी: बाजूने असो वा विरोधात, ठरावीक रकमेवर खर्च करणाऱ्याची नोंद, आणि दंड खर्चाच्या पटीत.

तोवर एक काम आपल्या हातात आहे. दारात पत्रक पडलं तर मजकुराआधी सर्वांत खालची ओळ वाचा. मुद्रक-प्रकाशकाचं नाव नसेल तर ते फाडू नका, पुढेही पाठवू नका. आचारसंहितेच्या काळात आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपमधूनच फोटो काढून पाठवा आणि मूळ पत्रक जिल्हाधिकारी कार्यालयात नेऊन द्या.