विश्लेषण : हळदीने सूज खरेच उतरते का?

मुरगळलेल्या पायावर हळदीचा गरम लेप, खोकला झाला की हळदीचे दूध. मराठी घरात यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही. आता हीच हळद ‘करक्युमिन ९५ टक्के’ असे लिहिलेल्या कॅप्सूलमधून मिळते आणि गुडघेदुखीने बेजार झालेले अनेक जण ती रोज घेतात. प्रयोगशाळेत तिचा परिणाम ठळक दिसतो. शरीरात मात्र गणित बदलते.

पेशींमध्ये नेमके काय घडते?

जंतू शिरला किंवा इजा झाली की मॅक्रोफेज या भक्षक पेशी तातडीने कामाला लागतात. त्यांच्या आत ‘एनएफ-कप्पा-बी’ नावाचे प्रथिन एरवी अडकवून ठेवलेले असते. धोक्याचा संकेत मिळताच ते सुटते, पेशीकेंद्रकात जाते आणि दाहाशी संबंधित जनुके सुरू करते. मग ‘टीएनएफ-अल्फा’, ‘इंटरल्युकिन-६’ यांसारखे संदेशवाहक रेणू बाहेर पडतात, रक्तवाहिन्या रुंदावतात, आणखी पेशी धावून येतात. लाली, सूज, ठणका ही त्याचीच दृश्य रूपे. हे काम काही दिवसांत आटोपले तर जखम भरते. संधिवातासारख्या आजारात ते थांबतच नाही.

करक्युमिन या प्रथिनाला सुटू देत नाही, असे १९९५ मध्ये पेशींवरील प्रयोगांत दिसले. पुढे इतर प्रयोगशाळांनाही असाच परिणाम आढळला आणि शोधनिबंधांचा पूर आला. त्यातले काही नंतर मागेही घेण्यात आले.

मग अडते कुठे?

पोटात. हळदीत करक्युमिन असते जेमतेम तीन टक्क्यांच्या आसपास. ते पाण्यात नीट विरघळत नाही, आतड्यातून फारसे शोषले जात नाही आणि जे शोषले जाते त्याचे यकृत झटपट रूपांतर करून टाकते. काचेच्या बशीतल्या पेशींना मिळते तेवढी मात्रा रक्तात पोहोचतच नाही. म्हणून कॅप्सूलमध्ये मिऱ्यातील पायपरिन घालतात. बेंगळूरुच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधील संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले, की दोन ग्रॅम करक्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पायपरिन दिल्यास माणसात उपलब्धता २००० टक्क्यांनी वाढते. आकडा मोठा वाटतो; पण मुळात जवळपास काहीच नव्हते, त्याची ही वाढ आहे.

पेटंटचा लढा जिंकला होता ना?

जिंकला. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे अमेरिकेतील पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील ‘सीएसआयआर’ने १९९७ मध्ये रद्द करवून घेतले. पण तेथे प्रश्न होता हा वापर नवा आहे का, एवढाच. औषध किती लागू पडते, याचा निवाडा त्या खटल्यात झालेला नाही. जाहिरातींत मात्र या दोन गोष्टींची सर्रास गल्लत होते.

रुग्णांवरील चाचण्या काय सांगतात?

थायलंडमध्ये गुडघ्याच्या संधिवाताच्या ३६७ रुग्णांवर चार आठवडे चाचणी झाली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, हळदीच्या अर्काने दुखणे आयब्युप्रोफेनइतकेच कमी झाले. २०२० मधील ऑस्ट्रेलियातील ७० रुग्णांची चाचणी अधिक बोलकी आहे. १२ आठवड्यांनंतर दुखणे लटक्या गोळीपेक्षा जास्त कमी झाले. पण एमआरआयमध्ये सांध्यातील सूज आणि साचलेले पाणी यांत लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणजे आराम मिळाला, पण ज्या सूज उतरण्यासाठी हळदीचे नाव घेतले जाते, ती तशीच राहिली.

धोका कोणाला?

शोषण वाढवलेल्या जास्त मात्रेच्या गोळ्यांनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी काही देशांत झाल्या आहेत. ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकाने २०२३ मध्ये तसा इशारा दिला. डोळे पिवळे दिसणे, गडद लघवी, मळमळ, विनाकारण थकवा जाणवल्यास गोळी थांबवून डॉक्टरांकडे जावे. यकृताचा आजार असलेल्यांनी या गोळ्यांपासून दूर राहावे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत. वरणात, भाजीत पडणाऱ्या चिमूटभर हळदीला हा इशारा लागू नाही, असे त्या नियामकानेही स्पष्ट केले आहे.