नसरापूरची घंटा आणि कानाचा हिशेब

पुणे-सातारा रस्ता सोडून वेल्ह्याच्या वाटेस लागले, की भोर तालुक्यातील नसरापूर येते. तेथील बनेश्वराच्या देवालयात, चिमाजी अप्पांच्या १७३९ सालच्या वसई मोहिमेची निशाणी म्हणून सांगितली जाणारी, क्रूस आणि १६८३ हा सन कोरलेली एक पोर्तुगीज घंटा आहे. अशा गिरिजाघरी घंटेवर टोल पडताच ज्या स्वराने आपण तिला ओळखतो, तो स्वर तिच्या कंपांत शोधू गेल्यास पुष्कळदा सापडतच नाही.

घंटा एकाच वेळी अनेक गतींनी कंप पावते. त्यांपैकी ठळक कंप सेकंदाला ४००, ६०० आणि ८०० असे असतील, तर २००चा कंप मुळीच नसतानाही कानाला स्वर ऐकू येतो तो २००चाच. कारण हे तिन्ही कंप सेकंदाच्या दर दोनशेव्या अंशाला पुन्हा जुळतात आणि श्रवणेंद्रिय तो मेळ अचूक हेरते. जुन्या पद्धतीचा टेलिफोन सुमारे ३०० हर्ट्झखालचा ध्वनी गाळून टाकत असताही पुरुषाचा खर्जातला आवाज आपण ओळखतो, तो याच सामर्थ्यावर.

यास्तव ध्वनीतील कंपांची नुसती यादी करणारे यंत्र ऐकणाऱ्याचा अनुभव सांगू शकत नाही. त्यासाठी कानाचीच रचना गणितात उतरवावी लागते. अंतःकर्णातील सुमारे ३५ मिलिमीटर लांबीच्या शंखाकृती नलिकेत तीव्र स्वर मुखाशी व मंद्र स्वर शेवटच्या वेढ्यात उमटतात. तेथील पटलावरून सरकणारी लाट दाखवणाऱ्या बेकेशी यांना १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यापूर्वीच, १९५१ मध्ये, लिकलायडर यांनी असे सुचवले होते, की ध्वनी प्रथम अनेक पट्ट्यांत विभागावा आणि मग प्रत्येक पट्टीत कंपांची पुनरावृत्ती किती काळाने होते ते तपासावे. १९८२ मध्ये रिचर्ड लायन यांनी संगणकासाठी अंतःकर्णाची प्रतिकृती मांडली. मोठ्या आवाजाखाली शेजारचा बारीक आवाज लोपतो, हा कानाचा दुसरा धर्म ओळखून एमपी३ पद्धती तेवढा भाग वगळते आणि संगीताची साठवण आटोपशीर करते.

या विद्येची खरी निकड मात्र बधिरांना आहे. अंतःकर्णातील ध्वनी टिपणाऱ्या केसपेशी नष्ट झाल्या, की माणसात पुन्हा उगवत नाहीत; हजारो पेशींचे काम कॉक्लिअर इम्प्लांट या अंतःकर्णात बसवलेल्या यंत्रातील वीसएक विद्युदग्रांवर येऊन पडते, आणि म्हणून अनेकांना बोलणे कळू लागले तरी कंपांचा तो सूक्ष्म मेळ पोहोचत नसल्याने गाण्याची चाल नीट उमगत नाही. आवाज केवळ मोठा करून ही उणीव भरून निघणार नाही. कान कोणत्या क्रमाने ऐकतो, ते यंत्राला शिकवावेच लागेल.